हाताची सेन्सरी एनसीव्ही (संवेदनेच्या नसांचा वेग मोजणारी तपासणी): अँटिड्रोमिक की ऑर्थोड्रोमिक? एकाच हाताचे दोन रिपोर्ट जुळत नाहीत

तंत्रज्ञ_नाशिक (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

पेशंट ४६ वर्षांच्या बाई. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होतं, हात झटकला की बरं वाटतं. अंगठ्याच्या उंचवट्याचा स्नायू भरलेला आहे, पकड चांगली आहे. लक्षणं कार्पल टनलची (मनगटातल्या बोगद्यात मीडियन नस दाबली जाण्याची), पण दोन लॅबचे रिपोर्ट दोन दिशांना जातात.

आमच्याकडे अँटिड्रोमिक पद्धत आहे (संवेदनेच्या नैसर्गिक दिशेच्या उलट, मनगटाकडून बोटाकडे). मनगटाशी स्टिम्युलेशन, तर्जनीवर रिंग इलेक्ट्रोड, अंतर १४ सेंमी. मीडियन ऑनसेट (लहर सुरू होण्याची वेळ) ३.१ मिलिसेकंद, पीक (शिखराची वेळ) ३.९, ॲम्प्लिट्यूड (लहरीची उंची) ४६ मायक्रोव्होल्ट. अल्नर (करंगळीच्या बाजूची नस) करंगळीवर, तेही १४ सेंमी, पीक ३.७, ॲम्प्लिट्यूड ४०. मीडियन डिस्टल मोटर लेटन्सी (मनगटावरच्या शॉकनंतर स्नायूचा प्रतिसाद यायला लागणारा वेळ) ३.८.

दुसऱ्या लॅबमध्ये ऑर्थोड्रोमिक केलं (नैसर्गिक दिशेने, बोटाकडून मनगटाकडे). तर्जनीवर स्टिम्युलेशन, मनगटावर रेकॉर्डिंग. वेग ५२ मीटर प्रतिसेकंद, ॲम्प्लिट्यूड १४ मायक्रोव्होल्ट. शेरा ‘नॉर्मल’.

आमच्या रिपोर्टवर ‘मीडियन सेन्सरी लेटन्सी वाढलेली’ असं लिहिलं गेलं. माझे प्रश्न:

१. ४६ आणि १४ हा फरक पद्धतीमुळे आहे की त्यांचं रेकॉर्डिंग बिघडलंय?
२. सौम्य कार्पल टनल पकडायला दोन्हींपैकी कुठली पद्धत जास्त भरवशाची?
३. पामर स्टडी (तळहातातून शॉक देऊन केलेली) आणि अनामिकेची तुलना यांच्याबद्दल वाचलंय, पण रोजच्या कामात कधीच करत नाही. नेमकं कसं करायचं आणि कुठे चुकतं?

हाताचं तापमान त्या दिवशी घेतलं नव्हतं, हेही सांगून टाकतो. खोलीत एसी चालू होता.

न्यूरोफिजिओ_पुणे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं: ४६ आणि १४ हा फरक पद्धतीचा आहे. अँटिड्रोमिकमध्ये रेकॉर्डिंग बोटावर होतं. तिथे डिजिटल नसा कातडीच्या अगदी खाली असतात आणि रिंग बोटाला सगळीकडून वेढते, म्हणून पोटेन्शियल मोठं दिसतं. ऑर्थोड्रोमिकमध्ये तेच तंतू मनगटावर, जाड लिगामेंटच्या आणि टेंडनच्या सोबतीला खोलवर आहेत. इलेक्ट्रोड आणि नस यांच्यात अंतर वाढलं की ॲम्प्लिट्यूड झपाट्याने उतरतं. १४ मायक्रोव्होल्ट मनगटावर मिळणं अजिबात वाईट नाही. मात्र अँटिड्रोमिकचं नॉर्मल कोष्टक ऑर्थोड्रोमिकला लावू नका. तर्जनीला २० मायक्रोव्होल्टच्या वर हवं, ही सीमा अँटिड्रोमिकची आहे.

नसेचा वेग मात्र दोन्ही दिशांना एकच असतो. तंतू कोणत्या टोकाने उत्तेजित केला याने वेग बदलत नाही. मग ५२ आणि तुमचं काय? १४ सेंमीला ३.१ ने भागा, ४५ मीटर प्रतिसेकंद येतं. म्हणजे रिपोर्टमध्ये तुम्ही पीक लेटन्सी लिहिली आणि त्यांनी ऑनसेटवरून काढलेला वेग लिहिला, हा एक गोंधळ आहेच. पण ऑनसेटवरून मोजलं तरी ७ मीटरचा फरक उरतो, आणि तो दिशेने सुटत नाही. अल्नरचा पीकही ३.७ आहे, तोही उशिराच. दोन्ही नसा हळू आणि दोन्हींचे ॲम्प्लिट्यूड चांगले भरघोस, हे चित्र थंड हाताचं आहे. नस आजारी असती तर ॲम्प्लिट्यूड असं वर गेलं नसतं. तापमानावर इथे कुणीतरी सविस्तर लिहील, मी पद्धतींवर थांबतो.

अँटिड्रोमिकचा मोठा फायदा म्हणजे सिग्नल मोठा, बहुतेक वेळा दोन-चार शॉटमध्ये काम होतं, आणि बारीक झालेलं पोटेन्शियलही सापडतं. तोटा असा, की मनगटावर शॉक दिला की त्याच नसेतले मोटर (स्नायू हलवणारे) तंतूही पेटतात. तळहातातले स्नायू आकुंचन पावतात आणि त्यांचा सिग्नल बोटापर्यंत पसरून येतो. स्नॅप (सेन्सरी तंतूंची लहर) जिवंत असेल तर तो आधी, ही मोटर लहर नंतर, त्यामुळे सहसा अडचण होत नाही. अडचण तेव्हा होते जेव्हा स्नॅप नाहीच. मग ही मोटर लहरच स्नॅप समजून खूण केली जाते आणि रिपोर्टमध्ये ‘लेटन्सी फार वाढलेली’ असं येतं, प्रत्यक्षात प्रतिसाद गायब असतो. करंगळीवर हे जास्त होतं. ओळखायचं कसं? स्नॅप टोकदार आणि अरुंद असतो, मोटर लहर रुंद, लोळणारी आणि त्याच्या कितीतरी पट मोठी. शंका राहिली तर तेच बोट ऑर्थोड्रोमिक करा. बोटात मोटर तंतू नाहीत, त्यामुळे मनगटावर जे येईल ते सेन्सरीच असेल.

ऑर्थोड्रोमिकची अडचण सिग्नल छोटा असण्याची. १० ते २० ट्रेस सरासरीला घ्यावे लागतात. सरासरीने गोंगाट ट्रेसच्या संख्येच्या वर्गमुळाइतका कमी होतो. १६ ट्रेस घेतले तर चौथा हिस्सा उरतो, ६४ घेतले तर आठवा. यापुढे जास्त शॉट देऊन पेशंटला त्रासच होतो. स्टिम्युलेशनचा दर नेमका सेकंदाला १ ठेवू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, ५० ला १ ने पूर्ण भाग जातो, मग मेनचा गोंगाट प्रत्येक ट्रेसमध्ये जवळपास त्याच जागी येतो आणि सरासरीने जातच नाही. ०.९ किंवा १.१ ठेवा.

सेटिंग दोन्हीकडे साधारण सारखी: फिल्टर २० हर्ट्झ ते २ किंवा ३ किलोहर्ट्झ, गेन १० किंवा २० मायक्रोव्होल्ट प्रति डिव्हिजन, स्वीप १ ते २ मिलिसेकंद प्रति डिव्हिजन, पल्स ०.१ मिलिसेकंद. खालचा फिल्टर वर चढवला, समजा १०० वर नेला, तर बेसलाइन छान सपाट दिसते पण ॲम्प्लिट्यूड घटतं आणि पीक अलीकडे सरकतो. रेष सुंदर दिसावी म्हणून फिल्टरशी खेळू नका, कारण नॉर्मल आकडे ज्या फिल्टरवर काढले त्याच फिल्टरला लागू असतात.

दोन रिंगमधलं अंतर ३ ते ४ सेंमी ठेवा. ४ सेंमीचं कारण असं: सेन्सरी पोटेन्शियल चढायला सुमारे ०.८ मिलिसेकंद घेतं आणि ५० मीटर वेगाने तेवढ्या वेळात ४ सेंमी कापतं. रिंग जवळ आणल्या तर दोन्हींखाली एकाच वेळी तीच लहर असते, ॲम्प्लिफायर एकातून दुसरी वजा करतो आणि ॲम्प्लिट्यूड खोटंच कमी दिसतं. बोट आखूड असेल तर ३ सेंमी घ्या, पण दुसऱ्या हातालाही ३ च घ्या. आणि दोन रिंगमध्ये जेल वाहून एकमेकांना लागलं तर शॉर्ट होतं. घाम आला तरी तसंच. बोटांमध्ये गॉजचा तुकडा ठेवून ती वेगळी ठेवा.

ईएमजी_कक्ष_कोल्हापूर

तापमानाचं लिहितो.

हात थंड असला की सोडियम चॅनेल उशिरा उघडतात आणि जास्त वेळ उघडे राहतात. वेग कमी होतो, लहर रुंद होते आणि मोठीही होते. म्हणून थंड हातात ‘लेटन्सी वाईट, ॲम्प्लिट्यूड उत्तम’ असं उलट-सुलट चित्र येतं. अंदाजे हिशेब: १ अंश सेल्सिअसला वेग १.५ ते २.५ मीटर प्रतिसेकंद उतरतो, डिस्टल लेटन्सी सुमारे ०.२ मिलिसेकंदाने वाढते. तुमच्या पेशंटचा हात ३० अंशांवर असेल तर ७ मीटरचा हिशेब इथेच लागतो.

हाताची कातडी ३२ अंशांच्या वर हवी. सेन्सर तळहातावर किंवा हाताच्या पाठीवर टेपने चिकटवा आणि तपासणी संपेपर्यंत काढू नका, कारण एसीच्या खोलीत गरम केलेला हात पंधरा मिनिटांत पुन्हा उतरतो. एकदाच सुरुवातीला मोजून फॉर्मवर आकडा टाकणं पुरेसं नाही.

गरम करायला कोमट पाण्याचं घमेलं उत्तम, साधारण ४० अंशांचं पाणी, हात मनगटाच्या वर चार बोटं बुडेल असा, दहा मिनिटं. पाण्यात आधी आपलं कोपर घालून पाहा. मधुमेह किंवा कुष्ठरोग असलेल्या पेशंटच्या बधिर हाताला भाजलेलं कळत नाही, आणि गरम पाण्याची पिशवी थेट हातावर ठेवून फोड आणणं हा फार वाईट अपघात आहे. बाहेर काढल्यावर कोरडा पुसा आणि दोन मिनिटं थांबा, कारण कातडी आधी तापते आणि खोलवरची नस मागून.

मशीनमधलं करेक्शन फॅक्टर वापरून आकडा ‘सुधारून’ घेऊ नका. ते फॅक्टर निरोगी नसांवरून काढलेले आहेत, आजारी नस तापमानाला तसाच प्रतिसाद देईल असं नाही. हात गरम करायला दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या.

कातडीचंही बघा. खोबरेल लावलेला हात, शेतात राबणाऱ्याचा घट्टा पडलेला तळवा, यांच्यावर इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा) चढतो आणि आर्टिफॅक्ट (शॉकचीच ट्रेसमध्ये उमटणारी खोटी लहर) मोठा येतो. स्पिरिटने पुसा, खरखरीत प्रेप जेल हलकेच चोळा. अंगठ्या काढायला सांगा, बांगड्या कोपराकडे सरकवून टेपने धरा.

पुनर्वसन_नागपूर

आता दुसरा आणि तिसरा प्रश्न. माझं ठाम मत: सौम्य कार्पल टनलसाठी ‘अँटिड्रोमिक की ऑर्थोड्रोमिक’ हा वाद बाजूला ठेवा. दोन्ही पद्धती १४ सेंमीचा तुकडा मोजतात आणि अडचण त्यातल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्येच असते. बाकी निरोगी तुकडा ती लपवतो.

हिशेब करून पाहा. एखाद्याचा मूळ वेग ६० आहे. १४ सेंमीला २.३३ मिलिसेकंद. टनलमध्ये ०.४ मिलिसेकंदाचा उशीर झाला, २.७३ झाले, वेग ५१. रिपोर्ट नॉर्मल! तोच उशीर ८ सेंमीवर बघा: १.३३ चे १.७३, वेग ४६. आणि शेजारच्या निरोगी नसेशी तुलना केली तर तो ०.४ थेट समोर येतो. म्हणून त्याच हातातल्या दुसऱ्या नसेशी, अगदी समान अंतरावर तुलना. तापमान, वय, बोटाची जाडी, यंत्र, फिल्टर, सगळं दोन्हीकडे सारखंच असल्यामुळे वजाबाकीत निघून जातं. साठीनंतर सेन्सरी ॲम्प्लिट्यूड आपोआप उतरतं, जाड बोटात ते कमी येतं. अशा वेळी एकट्या आकड्यापेक्षा हा फरक फार प्रामाणिक असतो.

तीन तुलना आहेत.

पामर, ८ सेंमी. मीडियनसाठी तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या बेचक्यातून मनगटाकडे रेघ कल्पून तळहातात स्टिम्युलेट करा. अल्नरसाठी अनामिका आणि करंगळीच्या बेचक्यातून तशीच रेघ. रेकॉर्डिंग बार मनगटावर त्या-त्या नसेवर, कॅथोडपासून (स्टिम्युलेटरचं ऋण टोक; ॲनोड म्हणजे धन टोक) ॲक्टिव्ह इलेक्ट्रोडपर्यंत दोन्हीकडे ८ सेंमी. ही मिश्र नस आहे (सेन्सरी आणि मोटर तंतू एकत्र), म्हणून पोटेन्शियल मोठं असतं. पीकमधला फरक ०.३ मिलिसेकंदापेक्षा जास्त असेल तर गडबड आहे.

अनामिका, १४ सेंमी. अनामिकेची अर्धी संवेदना मीडियनची, अर्धी अल्नरची. रिंग तशाच ठेवून आधी मीडियनला, मग अल्नरला मनगटावर शॉक. फरक ०.४ पेक्षा जास्त म्हणजे असामान्य.

अंगठा, १० सेंमी. अंगठ्यावर रिंग, मीडियन मनगटावर आणि रेडियल हाताच्या बाहेरच्या कडेला, रेडियस हाडावर. फरक ०.५ पेक्षा जास्त म्हणजे असामान्य.

तिन्ही फरकांची बेरीज म्हणजे कंबाइंड सेन्सरी इंडेक्स. रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ही कल्पना मांडली. बेरीज ०.९ च्या वर गेली की असामान्य धरतात. तिन्ही वेगवेगळ्या करून जो फरक सीमेबाहेर गेला तो उचलायचा, असं केलं तर निरोगी हातही ‘आजारी’ ठरायला लागतात, कारण प्रत्येक टेस्टला चुकण्याची स्वतंत्र संधी मिळते. बेरजेत एका टेस्टमधली चढउतार दुसरीत पोटात जाते. म्हणून तिन्ही केल्या तर बेरीज वापरा, निवडानिवड नको.

मोजपट्टी हा इथला सगळ्यात मोठा शत्रू आहे. ५० मीटर वेगाने १ सेंमी म्हणजे ०.२ मिलिसेकंद. पामरमध्ये मीडियनला ८ आणि अल्नरला ८.५ सेंमी झालं तर ०.१ मिलिसेकंदाची चूक, आणि सीमा आहे ०.३ ची! आधी पेनाने खुणा करा, मनगट सरळ, बोटं सैल, टेप ताणलेली नको, खुणेला कॅथोड. कॅथोड-ॲनोड उलटे धरले तर उत्तेजनाची जागा २-३ सेंमी सरकते आणि ०.५ मिलिसेकंदाच्या आसपास चूक होते. अँटिड्रोमिकमध्ये कॅथोड बोटांकडे, ऑर्थोड्रोमिक आणि पामरमध्ये कॅथोड कोपराकडे. दिवसभरात पद्धत बदलत असाल तर हीच चूक सगळ्यात आधी होते.

पामरमध्ये अंतर आखूड, त्यामुळे शॉकचा आर्टिफॅक्ट थेट ट्रेसमध्ये घुसतो. कॅथोड जागेवर दाबून धरा आणि ॲनोड घड्याळाच्या काट्यासारखा थोडा-थोडा फिरवा. एका कोनात आर्टिफॅक्ट जवळजवळ नाहीसा होतो. ग्राउंड स्टिम्युलेटर आणि रेकॉर्डिंगच्या मध्ये ठेवा. पल्स ०.१ पेक्षा लांब करू नका. केबल एकमेकांवरून नेऊ नका.

तंत्रज्ञ_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. हात तपासला तर कातडी ३० अंश होती! घमेल्यात गरम करून ३३ वर आणली आणि पुन्हा केलं.

तर्जनी १४ सेंमी: ऑनसेट २.७, पीक ३.४, ॲम्प्लिट्यूड ३४. वेग ५२. करंगळी १४ सेंमी: पीक ३.१. म्हणजे दुसऱ्या लॅबचं ५२ बरोबरच होतं.

मग तुलना केली. पामर ८ सेंमी: मीडियन २.१, अल्नर १.७, फरक ०.४. अंगठा १० सेंमी: मीडियन २.९, रेडियल २.४, फरक ०.५. अनामिका १४ सेंमी: मीडियन ३.१, अल्नर ३.०, फरक फक्त ०.१. बेरीज १.०, कशीबशी सीमेच्या वर. पामर बिघडलेलं आणि अनामिका इतकी नॉर्मल, हे पटत नाही. अनामिकेला ४० मिलिअँपिअरपर्यंत करंट लागला होता.

न्यूरोफिजिओ_पुणे

४० मध्येच उत्तर आहे. मनगटाशी मीडियन आणि अल्नर एकमेकींपासून फार दूर नाहीत. मीडियनवर इतका करंट ओतला की तो पसरून अल्नरही पेटते. अल्नर निरोगी, ती लवकर पोचते, आणि अनामिकेवर दोन्हींची लहर एकत्र येते. तुम्ही ‘मीडियन’ म्हणून खूण केली ती खरं तर अल्नरची सुरुवात आहे. खोटं नॉर्मल मिळण्याचं अनामिकेच्या टेस्टमधलं हे सगळ्यात मोठं कारण.

करंट असा चढवा. मीडियनसाठी स्टिम्युलेटर मनगटावर फ्लेक्सर कार्पी रेडियालिस आणि पामारिस लाँगस या टेंडनच्या मध्ये. आधी ५-६ मिलिअँपिअरवर प्रोब मिलिमीटर-मिलिमीटरने आडवा सरकवा आणि जिथे प्रतिसाद सगळ्यात मोठा तिथेच थांबा. नेमक्या जागी सहसा १५ ते २५ मध्ये प्रतिसाद पूर्ण होतो. मग १० ते २० टक्के वाढवा आणि थांबा. करंट वाढवताना ॲम्प्लिट्यूड चढतं, सपाट होतं, आणि आणखी वाढवल्यावर पुन्हा चढायला लागलं तर समजा शेजारची नस सामील झाली.

डोळ्यांनीही दिसतं. मीडियन शॉकला अंगठा तळहातापासून वर उचलला जातो. करंगळी उडायला लागली किंवा तर्जनीच्या मुळाशी हाताच्या पाठीवरचा स्नायू उडायला लागला तर अल्नर पेटली. अजून खात्री हवी असेल तर दुसऱ्या चॅनेलवर करंगळीला रिंग लावा. मीडियन शॉकला करंगळीवर काहीही यायला नको.

आणि ट्रेस नीट बघा. मीडियन उशिरा असेल आणि दोन्ही पेटल्या असतील तर लहरीला दोन उंचवटे येतात, दोन मदारींच्या उंटासारखे. त्यातला दुसरा तुमचा मीडियन.

तंत्रज्ञ_नाशिक

अगदी तसंच निघालं. प्रोब दोन-तीन मिलिमीटर बाहेरच्या कडेला सरकवला तर २० मिलिअँपिअरवर पूर्ण प्रतिसाद मिळाला, करंगळीवर शून्य. मीडियन ३.५, अल्नर ३.०, फरक ०.५. आधीच्या ट्रेसमध्ये खरंच लहान दुसरा उंचवटा होता, आम्ही तो गोंगाट समजलो होतो. आता बेरीज १.४.

अजून एक: मधुमेहाच्या पेशंटमध्येही हीच तुलना चालेल का?

पुनर्वसन_नागपूर

१.४ वर कार्पल टनल लिहायला हरकत नाही. पामर ०.४ आणि अनामिका ०.५ दोन्ही स्वतंत्रपणेही सीमेबाहेर आहेत, अंगठा ०.५ बरोबर सीमेवर. डिस्टल मोटर लेटन्सी ३.८ नॉर्मल, त्यामुळे फक्त सेन्सरीपुरता, सौम्य दर्जा.

मधुमेहात तुलना चालते, पण जिच्याशी तुलना करायची ती नस निरोगी आहे हे आधी सिद्ध करा. तुलनेचा सगळा आधार दुसऱ्या नसेवर आहे. अल्नरच हळू झालेली असेल तर फरक खोटाच लहान येतो आणि टनल सुटून जातो. अल्नर कोपराशी दाबली असेल तरी करंगळीचं ॲम्प्लिट्यूड पडतं. म्हणून आधी अल्नर आणि रेडियलचे स्वतंत्र आकडे बघा: करंगळीला १७ मायक्रोव्होल्टच्या वर, रेडियल १५ च्या वर, दोन्हींचा वेग ५० च्या वर. पायाची सुरल नसही तपासा. ती गेलेली असेल तर पूर्ण शरीराच्या न्यूरोपथीची (नसांच्या आजाराची) चर्चा आधी आणि टनलची नंतर.

आपल्याकडे कुष्ठरोगाचं भान ठेवणं फार गरजेचं आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे तो आजही दिसतो. रोगजंतूला थंड आणि कातडीजवळची जागा आवडते, म्हणून रेडियलची कातडीतली फांदी आणि कोपराच्या वर अल्नर लवकर सापडतात. अशा हातात अंगठ्याची मीडियन-रेडियल तुलना उलटी दिशा दाखवेल, कारण दंडकच आजारी आहे. तपासणीआधी मनगटाच्या बाहेरच्या कडेला आणि कोपराच्या खोबणीत बोट फिरवून नस जाड लागते का ते पाहा. दोऱ्यासारखी बारीक नस बोटाखाली निसटते, जाड झालेली टणक दोरीसारखी लागते. रेडियल फांदी जाड लागली तर अंगठ्याची तुलना सोडा आणि पामरवर या.

मीडियनचा सेन्सरी प्रतिसाद पूर्ण गायब असेल तर सेन्सरी तुलनेला काही उरत नाही. तिथे दुसऱ्या लंब्रिकल आणि इंटरॉसीयसची (हातातले छोटे स्नायू, पहिला मीडियनचा, दुसरा अल्नरचा) तुलना करा. ती मोटर आहे. एकच इलेक्ट्रोड तळहातात तिसऱ्या मेटाकार्पलच्या मध्याच्या जरा बाहेरच्या बाजूला, रेफरन्स तर्जनीच्या मधल्या सांध्यावर. मीडियन आणि अल्नर दोन्हींना मनगटावर समान अंतरावरून शॉक, आणि फरक ०.५ किंवा जास्त असेल तर असामान्य. सेन्सरी तंतू मरून गेले तरी लंब्रिकलचे मोटर तंतू बराच काळ तग धरतात, म्हणून टनल तिथेच पकडता येतो.

ईएमजी_कक्ष_कोल्हापूर

एक जोड. उशीर टनलमध्येच आहे की मनगटाच्या वर, हे ठरवायचं असेल तर सेंटिमीटरने पुढे सरकत जाण्याची पद्धत उत्तम. न्यूरोलॉजिस्ट जुन किमुरांनी १९७९ मध्ये दाखवली. तर्जनीवर रिंग तशाच ठेवा. तळहाताच्या मध्यापासून मनगटाच्या वरपर्यंत एकेक सेंमीवर पेनाने खुणा करा आणि प्रत्येक खुणेवर शॉक द्या. निरोगी नसेत प्रत्येक सेंटिमीटरला लेटन्सी ०.१६ ते ०.२१ मिलिसेकंदाने वाढते. ट्रेस एकाखाली एक लावले की तिरकी सरळ रेघ दिसते. ती एखाद्या जागी एकदम उडी मारते, तिथे दाब. उडी बहुतेक वेळा लिगामेंटच्या वरच्या कडेपासून बोटांकडे २ ते ४ सेंमीवर सापडते.

तळहातात करंट कमीच ठेवा, तिथे शेजारची फांदी लगेच पेटते आणि लहरीचा आकार बदलतो. आकार बदलला तर त्या खुणेचा आकडा वापरू नका. तसंच तळहात आणि मनगट यांच्या ॲम्प्लिट्यूडचं गुणोत्तर बघा. तळहातातून मिळालेलं मनगटाच्या १.६ पटीपेक्षा जास्त असेल, म्हणजे मनगटावर शॉक दिल्यावर प्रतिसाद ठळक कमी होतोय, तर काही तंतूंमध्ये टनलमध्येच अडथळा आहे. हे तंतू मेलेले नाहीत, आणि दाब सुटला तर लवकर परत येतात, म्हणून ही नोंद शस्त्रक्रिया करणाऱ्यांना उपयोगी पडते.

न्यूरोफिजिओ_पुणे

रिपोर्टबद्दल एवढंच. मूळ रिपोर्टमधलं ‘लेटन्सी वाढलेली’ हे वाक्य काढा, कारण ते ३० अंशांवर काढलेल्या आकड्यावर उभं होतं. नवीन रिपोर्टमध्ये प्रत्येक ओळीसमोर अंतर, पीक की ऑनसेट, आणि तपासणी चालू असतानाचं तापमान लिहा. पामरसमोर ‘८ सेंमी’, अनामिकेसमोर ‘१४’, अंगठ्यासमोर ‘१०’. दुसऱ्या लॅबच्या डॉक्टरांना तुमचे आकडे त्यांच्या ५२ शेजारी ठेवून बघता येतील, आणि बाईंना तिसरीकडे पाठवायची वेळ येणार नाही.

मानेच्या मणक्यांचा प्रश्न कुणी विचारला नाही, पण बधिरपणा त्याच बोटांत असतो म्हणून सांगतो. मानेतून निघणाऱ्या सी-६ किंवा सी-७ नसेचं मूळ दाबलं असेल तर हे सेन्सरी आकडे पूर्ण नॉर्मल येतात, कारण सेन्सरी पेशी मज्जारज्जूच्या बाहेर गँग्लिऑनमध्ये असते आणि दाब तिच्या आत, मज्जारज्जूच्या बाजूला पडतो. बोटापर्यंतचा तंतू जिवंतच राहतो. तुमच्या पेशंटमध्ये पामर आणि अनामिका बिघडल्या आहेत, त्यामुळे मनगट नक्की. मान दुखत असेल किंवा ट्रायसेप्स कमजोर असेल तर सुई लावून ईएमजी (स्नायूंची विद्युत तपासणी) वेगळी करा, दोन्ही एकाच वेळी असू शकतात.